गहू सोडायच्या आधी रक्त तपासून घ्या

माझ्या धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन तीन वर्षं काही केल्या साडेआठच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले, पाळीत जास्त जातं का म्हणून सोनोग्राफी झाली, जंताचं औषध तर घरातल्या सगळ्यांनी दोनदा घेतलं, आणि तरी बाईसाहेब जिना चढल्या की धापा टाकणार. पोट फुगायचं, दर महिन्याला तोंड यायचं, पण त्याला कोण विचारतो, आमच्याकडे पोट फुगणं म्हणजे काय आजार थोडाच, ओवा खा आणि झोप. मग कुणीतरी तिला मोबाईलवर गहू म्हणजे विष टाइपचा एक व्हिडिओ पाठवला आणि तिने दुसऱ्या दिवसापासून चपाती बंद केली. पंधरा दिवसात बरं वाटायला लागलं. दोन महिन्यात पोट सपाट, हळूहळू हिमोग्लोबिन पण अकराला टेकलं, घरात सगळे खूष.

दहा महिन्यांनी मूल हवंय म्हणून ती कुडाळला डॉक्टरांकडे गेली, बाईंनी सगळी जुनी हिस्टरी नीट ऐकून घेतली (हे पहिल्यांदाच कुणीतरी केलं) आणि म्हणाल्या की तुमची सीलिअॅकची (गव्हामुळे आतड्याला इजा होते तो आजार) टेस्ट कधी झालीय का. नव्हती झाली. केली. निगेटिव्ह आली. बाईंनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "गहू खाताय ना सध्या?"

नाही. आणि म्हणूनच तो रिपोर्ट रद्दीच्या भावाचा होता.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण त्यानंतरच्या वर्षभरात घरात एवढं काही झालं, एवढं वाचलं, एवढ्या लोकांना फोनवर समजावलं की आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे लिंक पाठवता येईल.

सुरुवात ग्लुटेनपासून, कारण त्याबद्दलच अर्धा गोंधळ आहे. घरी करून बघा, मूठभर मैदा किंवा कणीक घट्ट मळा, अर्धा तास ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली धुवत बसा. पांढरं पाणी म्हणजे स्टार्च निघून जातो आणि हातात एक चिवट, रबरासारखा, च्युइंगमची आठवण येईल असा गोळा उरतो. ते ग्लुटेन. प्रोटीनच आहे, विष वगैरे काही नाही. चपाती लाटता येते, फुलके फुगतात, पाव जाळीदार होतो तो ह्याच्या जिवावर. आता तांदळाची भाकरी आठवा, तिला उकड काढावी लागते, मोदकाच्या पारीला पण उकड, आणि नाचणीची भाकरी गरम पाण्यात मळली तरी लाटायला गेलात की फाटते म्हणून थापायची. का? तर त्या पिठांत धरून ठेवणारं ग्लुटेनच नाही. म्हणजे आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं पण कुठल्या पिठात ते नाही हे हाताला बरोबर माहीत होतं.

ग्लुटेन असतं गव्हात, जवात म्हणजे बार्लीत, आणि राय नावाच्या एका युरोपातल्या धान्यात. इथे एक गंमत. नेटवर मराठीत भाषांतर केलेल्या याद्या फिरतात त्यात ह्या रायचं "राई" करून टाकलंय, आणि माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी सहा महिने मोहरीची फोडणी बंद ठेवली होती. मोहरीचा काही संबंध नाही हो! फोडणी बिनधास्त द्या. फक्त हिंगाचं पुढे सांगते, तिथे खरंच भानगड आहे.

बरं, गहू खाल्ल्यावर त्रास होतो म्हणणाऱ्या माणसाला तीन वेगवेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात. एक म्हणजे गव्हाची अॅलर्जी, ती साध्या अॅलर्जीसारखीच, खाल्लं की थोड्या वेळात अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं, क्वचित जिवावर बेतणारी. तिची तपासणी वेगळी, डॉक्टर वेगळे, आणि तिथे "खाऊन बघूया" हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. दुसरं सीलिअॅक, ज्याच्याबद्दल हा लेख आहे. तिसरं म्हणजे सीलिअॅकही नाही, अॅलर्जीही नाही, पण गहू खाल्ला की पोट बिघडतं, डोकं जड होतं, त्याला डॉक्टर नॉन-सीलिअॅक ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ह्या तिसऱ्याची टेस्टच नाही, पहिली दोन नाहीत हे बघूनच तिथे पोचता येतं.

सीलिअॅकमधे नक्की होतं काय ते मला समजलं ते तरव्यावरून, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावरून. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला, चांगलं वीस फूट लांब असतं ते, भाताच्या तरव्यासारखी दाट, उभी, बारीक लव असते. जेवणातलं लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन सगळं ह्या लवेतून रक्तात जातं, लव जितकी दाट आणि उभी तितकं शोषण जास्त. ग्लुटेन पूर्ण पचत नाही, कुणाचंच पचत नाही, त्याचे काही तुकडे तसेच राहतात, बहुतेकांना त्याने काही फरक पडत नाही. पण ज्याला सीलिअॅक आहे त्याच्या आतड्यातलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक एन्झाइम ह्या तुकड्यांत थोडा बदल करतं आणि शरीराचे पहारेकरी, म्हणजे इम्युनिटीच्या पेशी, ते बघून खवळतात. गंमत अशी की खवळल्यावर ते फक्त ग्लुटेनवर जात नाहीत, स्वतःच्याच त्या एन्झाइमवर अँटीबॉडी बनवतात आणि स्वतःचीच लव झोडपून काढतात. म्हणून हा ऑटोइम्युन आजार, अॅलर्जी नाही. रोज चपाती, रोज मारामारी, आणि काही महिन्यांत तरवा पुराचं पाणी भरून गेल्यासारखा आडवा. वरून जेवण येतंय, जमीन तीच आहे, पण शोषायला उभं कुणी नाही.

आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला, जिथे लोह शोषलं जातं नेमकं तिथेच. आता कळलं बहिणीच्या गोळ्या कुठे जात होत्या ते? गोळी चांगलीच होती, ती घ्यायला दारात कुणी नव्हतं. म्हणून मोठ्या माणसांत कित्येकदा जुलाब वगैरे काही नसतात, फक्त न हटणारा अॅनिमिया असतो. किंवा चाळिशीतच हाडं ठिसूळ, किंवा पुन्हा पुन्हा तोंड येणं, किंवा लिव्हरचे आकडे उगाच वाढलेले, किंवा मूल न राहणं, किंवा कोपर-गुडघ्यांवर खाजणारे बारीक फोड. लहान मुलांत मात्र पोट मोठं, हातपाय काड्या, वजन-उंची अडकलेली, चिडचिड असं चित्र जास्त दिसतं, आणि आपण म्हणतो बापसावर गेलंय, बारीकच राहणार.

हे ग्लुटेनचं कुणी शोधलं ती गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. आजाराचं वर्णन 1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी करून ठेवलं होतं, खाण्यात काहीतरी आहे हे पण त्यांनी ओळखलं होतं, पण नेमकं काय ते कळायला साठ वर्षं गेली. मधल्या काळात तर मुलांना नुसती केळी खायला घालून बरं करायचे, आणि बरी व्हायची पण, कारण केळी खाणारं पोर पाव खात नाही! हॉलंडमधे विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना गव्हावर आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमधे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि लोक उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला आणि मुलं परत आजारी. 1950 मधे त्यांनी हे सगळं मांडलं.

आता आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. बहिणीच्या सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गो बाय, आमी भात खाणारे, आमका गहू कसो बाधतलो?" आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या बरोबर होत्या. 2016 मधे आपल्या देशातलाच एक मोठा अभ्यास आला, उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या 23 हजारांवर लोकांचं रक्त तपासलं होतं. उत्तरेत 1.23 टक्के लोकांत सीलिअॅकच्या अँटीबॉडी सापडल्या, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत फक्त 0.10 टक्के. गव्हाचा खप बघितला तर उत्तरेत माणशी रोज 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. म्हणजे भात खाणाऱ्यांत कमी दिसतो हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि दुसरं म्हणजे आपण आता भात खाणारे राहिलोय कुठे? आजी सकाळी पेज प्यायची, आम्ही चहाबरोबर बटर आणि खारी खातो, डब्याला चपाती, चार वाजता वडापाव, रात्री डाएट म्हणून परत चपाती. रेशनवर गहू, दारात पाववाला, चाकरमानी येताना बिस्किटांचे पुडे घेऊन येणार. ह्या आजाराला लागणारे जीन्स दर दहातल्या साधारण तिघा-चौघांकडे असतात, पण त्यातल्या शंभरात दोन-तीन जणांनाच आजार होतो. कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही, आणि तो साठाव्या वर्षीही सुरू होऊ शकतो.

आता टेस्ट. इथे सावकाश वाचा.

पहिली पायरी म्हणजे रक्त. टेस्टचं नाव टीटीजी आयजीए, ज्या एन्झाइमचं वर सांगितलं त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतात. उपाशी पोटी जायची गरज नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरला रक्त दिलं की ते बहुतेक वेळा मुंबईला जातं, दोन-चार दिवसांत मोबाईलवर रिपोर्ट. ह्याच्याबरोबर टोटल आयजीए नावाची दुसरी साधी टेस्ट पण करायला सांगा, हे खूपदा राहून जातं. कारण असं की काही लोकांच्या शरीरात आयजीए जातीच्या अँटीबॉडी मुळातच बनत नाहीत, आणि सीलिअॅकवाल्यांत अशी माणसं शंभरात दोन-तीन असतात. त्यांचा टीटीजी आयजीए निगेटिव्हच येणार, कारण मोजायला आयजीएच नाही. म्हणजे वजनकाटाच बंद आणि आपण खूष की वजन शून्य आलं. अशा लोकांसाठी आयजीजी प्रकारच्या वेगळ्या टेस्ट असतात, टीटीजी आयजीजी किंवा डीजीपी आयजीजी. रिपोर्टमधला आकडा बघताना शेजारची मर्यादा बघा, प्रत्येक लॅबचं माप वेगळं असतं, कुणाचं 10, कुणाचं 20, त्यामुळे "माझा 18 आला" ह्याला एकट्याला काही अर्थ नाही.

आणि मुख्य मुद्दा, ही टेस्ट गहू खात असतानाच करायची. अँटीबॉडी ही मारामारीची खूण आहे. ग्लुटेन बंद केलं की मारामारी थांबते, अँटीबॉडी उतरत जातात, लव परत उगवायला लागते, आणि काही महिन्यांनी रक्तही साफ आणि आतडंही साफ. आग विझल्यावर, राख झाडल्यावर, पंचनाम्याला आल्यासारखं. पण आजार तिथेच बसलेला असतो. त्यामुळे ज्याने आधीच गहू सोडलाय त्याला परत खायला लावतात, ह्याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. सर्वसाधारण सल्ला असा की किमान 6 आठवडे, रोज, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा गव्हाचं खायचं आणि मग रक्त द्यायचं. मध्यम आकाराच्या एका चपातीत ढोबळ हिशोबाने अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे दोन-तीन चपात्या रोजच्या भरपूर झाल्या. पण हे डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने नको, गरोदरपणात तर नकोच. त्यामुळे बाईंनी बहिणीला सांगितलं की मुलाचा विचार दोन महिने पुढे ढकल, आधी हे संपव.

ते सहा आठवडे मला विसरता येणार नाहीत. पहिल्या दिवशी तिच्या ताटात दोन चपात्या वाढल्या आणि ती बघत बसली, जेवणच सुरू करेना. तिसऱ्या दिवसापासून पोट नगाऱ्यासारखं, पाचव्या दिवशी जुलाब, ऑफिसला रजा, आणि घरातले सगळे म्हणतायत की कळलंय ना गहू बाधतो, मग कशाला हा छळ, कागद हवाय कुणाला? मी पण म्हटलं होतं. ती मात्र हटली नाही, म्हणाली जन्मभर सोडायचं असेल तर एकदा नक्की कळू दे ना, उद्या मूल झालं तर त्याला काय सांगू, आईला वाटतं म्हणून? सहा आठवड्यांनी परत रक्त. लॅबची मर्यादा 20, हिचा आकडा 74.

कागदाचं महत्त्व मला नंतर कळलं. नुसतं वाटतं म्हणून सोडलेला माणूस लग्नात एखादी पुरी खातोच, चलता है म्हणून. आणि कागद असेल तर डॉक्टर पुढचं बघतात, हाडांची तपासणी, व्हिटॅमिन डी, बी12, थायरॉइड (सीलिअॅक आणि थायरॉइड बऱ्याचदा जोडीने फिरतात, टाइप 1 डायबिटीसचं पण तसंच), आणि घरच्यांची टेस्ट.

रक्त पॉझिटिव्ह आल्यावर मोठ्या माणसांत साधारणपणे दुसरी पायरी असते ती एंडोस्कोपी आणि बायोप्सी. ह्यासाठी आमच्याकडून लोक गोव्याला नाहीतर कोल्हापूरला जातात, आम्ही गोव्याला गेलो. बायोप्सी शब्द ऐकून आईने देव पाण्यात ठेवले, कारण बायोप्सी म्हणजे कॅन्सर हे डोक्यात फिट बसलंय. तसं काही नाही. सकाळी उपाशी पोटी जायचं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, चव घाण, तोंडातून बोटापेक्षा बारीक नळी आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते आणि चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. दहा-पंधरा मिनिटं. उमासे येतात, पण तुकडा काढल्याचं दुखत नाही. एकच तुकडा पुरत नाही हे लक्षात ठेवा, मार सगळीकडे सारखा नसतो, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन घेतात. आणि नळीतून बघताना आतडं नॉर्मल दिसलं तरी तुकडे घ्यायला हवेत, डोळ्यांना दिसत नाही ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, त्यात काही उद्धटपणा नाही. रिपोर्टमधे मार्श अमुक असं लिहून येतं, ते लव किती झडली त्याचं माप, मार्श 3 म्हणजे आडवी झालेली. बहिणीचा 3 ए होता.

आपल्याकडे लव झडायला दुसरीही कारणं असतात, जिआर्डियासारखे जंतू, ट्रॉपिकल स्प्रू, आतड्याचा टीबी, काही औषधं. म्हणून नुसत्या बायोप्सीवरही निकाल लावत नाहीत, रक्त आणि तुकडा दोन्ही जुळवून बघतात. लहान मुलांत जर टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा रक्त घेऊन ईएमए नावाची सीलिअॅकचीच दुसरी अँटीबॉडी टेस्टही पॉझिटिव्ह आली तर बायोप्सी न करताही निदान करता येतं, 2020 च्या युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या गाइडलाइनमधे तसं दिलंय, पण तो निर्णय मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांचा.

एक जीनची टेस्ट पण असते, एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8. तिचा उपयोग उलटा आहे. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, वर सांगितलं तसं कित्येकांकडे ते जीन्स असतात. पण दोन्ही नसतील तर सीलिअॅक नाही असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. ज्याला गहू परत खाणं अजिबात शक्य नाही त्याला ही उपयोगी, कारण जीन काही चपाती सोडल्याने बदलत नाही. आणि एक ते "दोनशे पदार्थांची सेन्सिटिव्हिटी टेस्ट" म्हणून आयजीजीचं पॅकेज विकतात ना, लाल-पिवळा-हिरवा रंगीत चार्ट देतात, त्याने सीलिअॅक कळत नाही. तुम्ही जे नेहमी खाता त्याच्याच आयजीजी अँटीबॉडी रक्तात दिसतात. माझ्या एका मैत्रिणीला त्यात नारळ लाल आला, मालवणात राहून नारळ सोडला तिने चार महिने, विचार करा.

औषध काय? औषध नाही. ग्लुटेन पूर्ण बंद, जन्मभर, एवढंच. आणि पूर्ण म्हणजे पूर्ण. रोज 50 मिलिग्रॅम जरी पोटात जात राहिलं तरी लव परत दुखावते असं अभ्यासात दिसलंय, आणि 50 मिलिग्रॅम म्हणजे एका चपातीचा पन्नासावा भाग, ताटात सांडलेला कण. पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं असेल तर आपल्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियमाप्रमाणे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं. पण ती महागडी पाकिटं आपल्याला लागतात कशाला? पंजाबातल्या पेशंटचं खरंच कठीण आहे, त्याचं ताटच गव्हाचं. आपल्याकडे भात, तांदळाची-नाचणीची भाकरी, घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, पातोळ्या, उकडीचे मोदक, कुळथाची पिठी, मासे, सोलकढी. बहिणीला डाएटिशियनने छापील कागद दिला त्यात क्विनोआ होता, तो बघून सासूबाई म्हणाल्या ह्या काय असता, आणि कागद फ्रिजवर चिकटवून नाचणीची भाकरी थापायला बसल्या.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. पहिली जागा गिरणी. आम्ही तीन महिने सगळं नीट पाळत होतो तरी तिचं पोट मधेच बिघडायचं, कारण कळेना. एक दिवस मी स्वतः तांदूळ घेऊन गिरणीत उभी राहिले. माझ्या पुढच्या बाईचे पाच किलो गहू दळून झाले, गिरणीवाल्याने त्याच जात्यात माझे तांदूळ ओतले आणि पांढऱ्याशुभ्र पिठाच्या आधी दोन-तीन मुठी तांबूस कणीक डब्यात पडली. तीच आमच्या भाकरीत येत होती. गिरणीवाल्याचा दोष नाही, तो वर्षानुवर्षं असंच दळतोय. सकाळी गिरणी साफ करून पहिलं आपलं दळून देईल का विचारा, पण तरी खात्री नाहीच, आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असं घरात जाहीर केलं. पोळपाट, लाटणं, तवा, पिठाची चाळण हे पण वेगळं, चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी जात नाही.

दुसरी जागा आजारपणातली. पोट बिघडलं की आपण काय देतो, मऊ भात, तूप आणि मेतकूट. मेतकुटात गहू असतो! जिच्यासाठी प्रेमाने कालवलं तिलाच ते बाधत होतं. डबीतला हिंग पण बघून घ्या, तो शुद्ध हिंग नसतो, त्यात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात तो चालतो, मागची बारीक अक्षरं वाचावीच लागतात. कोंबडी-वड्यांच्या पिठात बऱ्याच घरी गहू घालतात, थालिपिठाच्या भाजणीत असतो, सातूचं पीठ तर गहू आणि जवच. हॉटेलात बांगडा-सुरमई रव्यात घोळवून तळतात, आणि रवा म्हणजे गहूच, हे सांगितलं की निम्मे लोक चमकतात, त्यांच्या लेखी रवा हे वेगळं धान्य आहे. तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तरी तेल तेच. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, सोया सॉस, बिअर, आइस्क्रीमचा कोन. आणि सत्यनारायणाचा प्रसाद, तिथे भांडणंच होतात, प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून चमचाभर तरी घे. आमच्या भटजींनी मात्र छान मार्ग काढला, म्हणाले केळं पण प्रसादच आहे.

खपली गहू चालतो का हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. नाही चालत. खपली, बन्सी, सेंद्रिय, देशी, जात्यावर दळलेला, गहू तो गहूच. कुणाला पचायला हलका वाटत असेल तर वाटू दे, सीलिअॅकला तो तितकाच वर्ज्य. ओट्स बऱ्याच जणांना चालतात पण त्यात गव्हाची भेसळ असते म्हणून मुद्दाम ग्लुटेन फ्री लिहिलेलेच घ्यायचे, तेही पहिले काही महिने डॉक्टरांना विचारून. उपासाचा कुट्टू चालतो, इंग्रजी नावात (बकव्हीट) गहू आहे पण गव्हाशी नातं नाही.

आता ज्यांच्या सगळ्या टेस्ट गहू खात असताना निगेटिव्ह आल्यात आणि तरी त्रास होतो त्यांच्याबद्दल. तुम्ही नाटकं करत नाही. पण दोष ग्लुटेनचाच असेल असं नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची एक साखरेच्या जातीची गोष्ट असते, ती आतड्यात आंबते आणि गॅस होतो. नॉर्वेत 59 लोकांवर एक प्रयोग झाला, 2018 मधे छापून आला, ग्लुटेनमुळेच त्रास होतो म्हणून ते सोडलेली माणसं होती, सीलिअॅक नसलेली. त्यांना न सांगता आळीपाळीने तीन प्रकारच्या वड्या दिल्या, एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत काहीच नाही. जास्त त्रास फ्रुक्टनच्या वडीने झाला. आणि फ्रुक्टन कांद्यात-लसणात पण भरपूर असतं, म्हणजे चपाती सोडून कांदा-लसणाचं वाटण घातलेला रस्सा ओरपलात तर फरक काय पडणार! ह्या लोकांना हिंगाचा, प्रसादाचा एवढा धसका घ्यायची गरज नसते, किती आणि काय झेपतं ते डाएटिशियनबरोबर बसून ठरवता येतं.

बहिणीचं आता वर्ष होत आलं. सहा महिन्यांनी टीटीजी 31 वर आला होता, पुढच्या महिन्यात परत करायचाय, हिमोग्लोबिन 12.4. सुरुवातीला दूध पण पचत नव्हतं, लव झडली की दूध पचवणारं एन्झाइमही कमी पडतं, लव परत आली तसं तेही जमायला लागलं, आता चहा पिते.

राहिली घरच्यांची टेस्ट. आईवडील, भावंडं, मुलं ह्यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, साधारण दहातल्या एकाला, म्हणून काही त्रास नसला तरी रक्त द्यायला सांगतात. माझं निगेटिव्ह आलं, आईचंही. भावाने पुण्यात दिलंय, रिपोर्ट यायचाय. बाबांना गेली पंधरा वर्षं हाडांचं दुखणं आहे आणि हिमोग्लोबिन कधीच दहाच्या वर नाही, पण ते लॅबच्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. रोज सकाळी चहात बटर बुडवून खाताना माझ्याकडे बघून म्हणतात, टेस्टच्या आधी खायचंच असतं ना, मग खातोय. गणपती झाले की देतो म्हणालेत.